शेजारच्या सीटवरचा माणूस : जुन्या ग्रां प्री ड्रायव्हरांच्या आयुष्यांबद्दल

शाहूपुरीकर

मंडळी, बरेच दिवस मनात घोळत होतं ते आज लिहायला बसलोय. मोठं होणार आहे, सावकाश वाचा.

वडलांचं कोल्हापुरात गॅरेज होतं. जुन्या इंग्लिश मोटरसायकली, बीएसए, मॅचलेस, एजेएस, लांबून लांबून त्यांच्याकडे यायच्या. फळीवर एक पत्र्याचा डबा कायम असायचा, मूळचा स्पार्क प्लगचा, मी बघितला तेव्हा त्यात वायसर आणि कॉटर पिना ठेवलेल्या. डब्यावर तीन अक्षरं, केएलजी. मला वाटायचं एखाद्या मोठ्या कंपनीच्या लांबलचक नावाचं शॉर्टफॉर्म असणार. वडील गेल्यावर गॅरेज आवरलं, डबा घरी आणला आणि एका रात्री सहज शोधत बसलो तर कळलं की ते कंपनीचं नावच नाही, ते एका माणसाचं नाव आहे. केनेल्म ली गिनेस. आयर्लंडच्या त्या बिअरवाल्या गिनेस घराण्यातला, जन्म १८८७ चा, आणि रेसिंग ड्रायव्हर.

हा गडी आधी ड्रायव्हर नव्हताच. मोठा भाऊ अल्जर्नन गाडी चालवायचा आणि हा त्याच्या शेजारी मेकॅनिक म्हणून बसायचा. प्लग सारखे खराब व्हायचे त्याला वैतागून स्वतःच प्लग बनवायला लागला, अभ्रकाचं इन्सुलेशन वापरून, ते इतके चालले की पहिल्या महायुद्धात विमानांच्या इंजिनात गेले. १९१४ ची टूरिस्ट ट्रॉफी ही रेस जिंकली, १९२२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी २१५ किमीच्या आसपास जाऊन जमिनीवरच्या वेगाचा विक्रम केला. आणि मग सप्टेंबर १९२४, स्पेनमधलं सान सेबास्तियान. याची सनबीम गाडी उलटली, दोघं बाहेर फेकले गेले. गिनेसच्या डोक्याला जबर मार लागला पण तो वाचला. शेजारी बसलेला टॉम बॅरेट जागीच गेला.

आता यात मला झोप लागू दिली नाही ती गोष्ट ही की बॅरेट त्या सीटवर खरं तर नसायलाच हवा होता. गिनेसचा नेहमीचा मेकॅनिक बिल पर्किन्स. पण तीनेक आठवडे आधी ब्रुकलँड्सवर डारिओ रेस्टा नावाचा ड्रायव्हर सनबीममध्येच अपघातात गेला, तेव्हा त्याच्या शेजारी पर्किन्स होता आणि तो जखमी होऊन पडला होता, म्हणून बदली बॅरेट बसला.

गिनेसने नंतर ग्रां प्री, म्हणजे तेव्हाच्या मोठ्या मोटार शर्यती, चालवल्या नाहीत. डोक्याच्या त्या दुखापतीतून तो मनाने कधी सावरलाच नाही आणि १९३७ मध्ये त्याने स्वतःच आयुष्य संपवलं. आणि आपल्या गॅरेजात त्याच्या नावाच्या डब्यात आम्ही वायसर ठेवत होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तेव्हाच्या रेसच्या गाडीत दोघं बसायचे. आपल्याकडे ट्रकवर ड्रायव्हरसोबत क्लीनर असतो ना, साधारण तसं, फक्त काम फार जास्त. पेट्रोलच्या टाकीतला दाब हातपंपाने धरून ठेवायचा, तेलाच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवायची, मागे वळून कोण येतंय ते ड्रायव्हरला सांगायचं, टायर फुटला की खाली उडी मारून बदलायचा. १९०६ मध्ये ल मां इथे पहिली फ्रेंच ग्रां प्री झाली तेव्हा तर नियमच होता की गाडीला हात लावायचा तो फक्त ड्रायव्हर आणि त्याच्या मेकॅनिकने, तिसऱ्या कोणी नाही. दोन दिवस रेस, एकेक फेरी १०३ किमीची आणि अशा १२ फेऱ्या. जून महिना, रस्त्यावर टाकलेलं डांबर उन्हाने वितळून डोळ्यात जात होतं. जिंकला फेरेन्त्स सिस, हंगेरीतून पॅरिसला आलेला कुलूप बनवणारा कारागीर, रेनोच्या कारखान्यात कामाला लागलेला, आणि तोसुद्धा आधी लुई रेनोच्या शेजारी बसणारा मेकॅनिकच! त्याच्या स्वतःच्या शेजारी १९०६ ला बसला होता मार्तो. टायरवाल्या मिशलाँ कंपनीने नुकतीच काढता येणारी रिम आणली होती, नाहीतर जुना टायर चाकूने कापून नवा चढवायला पंधरा पंधरा मिनिटं जायची, त्या रिममुळे सिस आणि मार्तोचं काम काही मिनिटांत होत होतं. सव्वाबारा तास गाडी चालवून सरासरी ताशी १०१ किमी. मार्तोबद्दल मला एवढंच सापडलं, आडनाव.

बॅरेट गेला त्याच्या पुढच्या वर्षापासून म्हणजे १९२५ पासून ग्रां प्रीत मेकॅनिक बसवणं बंद झालं, मागचं बघायला आरसा आला. पण गंमत म्हणजे गाडीला दोन सीटची रुंदी हवी हा नियम तसाच राहिला. म्हणजे शेजारची सीट होती, त्यावर माणूस नव्हता.

तर धाग्याचा उद्देश असा की या लोकांच्या आयुष्याबद्दल ज्याला जे माहीत आहे ते लिहा. कोण किती रेस जिंकला ते कुठेही मिळतं. मला हवंय ते रेस संपल्यावर घरी काय झालं आणि शेजारी कोण होतं ते.

पाऊसवेडी

दादा, काय लिहिलंयत. डब्याचं वाचून गलबलून आलं.

शेजारच्या सीटवरून आठवली एलिश्का युंकोव्हा. चेक. बँकेत नोकरीला होती, तिथलाच चेन्येक युनेक नावाचा बँकवाला तिचा नवरा. त्याला गाड्यांचं वेड, पण पहिल्या महायुद्धात हाताला जखम झाली होती म्हणून गिअर बदलताना त्रास व्हायचा. ही आधी त्याच्या शेजारी मेकॅनिक म्हणून बसली. गुपचूप गाडी शिकली, आणि मग स्टिअरिंगच हिच्या हातात आलं.

१९२८ ची तार्गा फ्लोरिओ, सिसिलीतल्या डोंगरातली रेस, एक फेरी १०८ किमीची आणि नुसती वळणं वळणं. ताकदीत आपण पुरुषांना भारी पडणार नाही हे हिला माहीत होतं, म्हणून हिने आधी जाऊन रस्ता पाठ केला, पायी फिरून, कुठल्या वळणाला कुठलं झाड कुठला दगड ते लक्षात ठेवून. आणि दुसऱ्या फेरीअखेर ती चक्क पहिली होती! त्या काळच्या सगळ्या दिग्गजांच्या पुढे! शेवटी पाण्याच्या पंपाने घात केला आणि पाचवी आली. पण पाचवी तरी काय कमी आहे.

दोनच महिन्यांनी जुलैत जर्मन ग्रां प्रीत न्युर्बुर्गरिंगच्या ट्रॅकवर चेन्येकचा अपघात झाला, तो गेला. त्यानंतर तिने रेसिंग पूर्ण सोडलं, गाड्या विकल्या. गाड्या बनवणाऱ्या एत्तोरे बुगाट्टीने तिला फिरायला एक नवी टूरिंग गाडी दिली आणि ती त्यातून पार सिलोनला गेली. १९९४ मध्ये वारली, ९३ वर्षांची होऊन. म्हणजे रेसिंगचं आयुष्य पाच-सहा वर्षांचं आणि त्यानंतर पासष्ट वर्षं. मला ती पासष्ट वर्षं फार विचारात पाडतात.

घाटवळण

शाहूपुरीकर, मेकॅनिकचा विषय काढलाय तर नुवोलारीचा किस्सा आलाच पाहिजे, एन्झो फेरारी स्वतः सांगायचा तो.

१९३२ ची तार्गा फ्लोरिओ. इटालियन ड्रायव्हर ताझिओ नुवोलारी म्हणजे अंगाने एवढासा, हलका. त्याने फेरारीकडे मागणी केली की मला माझ्याएवढ्याच वजनाचा मेकॅनिक दे. फेरारीने माम्बेल्ली नावाचा पोरगा दिला. नुवोलारीने त्याला सांगितलं, एखाद्या वळणात मी जरा जास्त जोरात शिरलो असं मला वाटलं की मी ओरडेन, तू लगेच डॅशबोर्डखाली वाकायचं. रेस झाली, नुवोलारी जिंकला, फेरारीने पोराला विचारलं कसं काय झालं. तो म्हणाला, पहिल्या वळणाला ते जे ओरडायला लागले ते शेवटच्या वळणापर्यंत थांबलेच नाहीत, मी सगळी रेस खालीच बसून होतो.

लोक हा किस्सा सांगतात आणि इथेच थांबतात. मला त्याच्या पुढचं सांगायचंय. ताझिओचा जन्म १८९२ चा, मांतुआजवळच्या कास्तेल दारिओ गावचा. १९३५ मध्ये न्युर्बुर्गरिंगवर जर्मन ग्रां प्री होती, मर्सिडीज आणि ऑटो युनियनच्या सरकारी पैशाने पोसलेल्या गाड्या एकीकडे आणि हा जुन्या पडलेल्या अल्फा रोमिओत. पिटमध्ये पेट्रोलचा पंपच मोडला, दोन मिनिटं चौदा सेकंद उभा राहिला, सहावा गेला, आणि तिथून एकेक गाडी मागे टाकत आला. शेवटच्या फेरीत पुढे असलेल्या ब्राउखिचचा टायर फुटला आणि हा जिंकला, लाखो जर्मन प्रेक्षकांसमोर. तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता.

दोन वर्षांनी, १९३७ मध्ये, मोठा मुलगा जॉर्जिओ आजारपणात गेला. १९४६ मध्ये धाकटा अल्बेर्तो. दोघंही विशीच्या आत. मुलं गेल्यावर हा माणूस घरी बसू शकला असता, पैसा होता, वय झालं होतं. पण तो गाडी चालवत राहिला. आयुष्यभर धूर आणि पेट्रोलच्या वाफा ओढून छाती गेलेली, तोंडावर फडकं बांधून चालवायचा, चालवता चालवता रक्त पडायचं. १९४८ च्या मिले मिल्या रेसमध्ये पंचावन्न वर्षांचा होता, शेजारी स्कापिनेल्ली नावाचा मेकॅनिक. फेरारीचा मडगार्ड गेला, बॉनेट उडून गेलं, तरी सगळ्यांच्या पुढे. शेवटी स्प्रिंग मोडली तेव्हा थांबला. मला वाटतं घरी शांतता असह्य होत असणार. दोन पोरं गेलेल्या घरातली शांतता. ऑगस्ट १९५३ मध्ये अंथरुणावरच गेला आणि रेसच्या कपड्यांत त्याला पुरलं.

रवाळतूप

वाचतेय. या विषयातलं काहीच माहीत नव्हतं मला, गाडीचं ज्ञान फक्त चावी फिरवण्यापुरतं, तरी एका दमात इथपर्यंत आले. अजून लिहा सगळ्यांनी.

जुना_जोगी

लेख चांगला आहे पण मी जरा वेगळं बोलतो. या सगळ्या कथांमध्ये ड्रायव्हरचं नाव राहिलं आणि मेकॅनिकचं पुसलं गेलं याला नशीब म्हणू नका, ती पगाराची आणि दर्जाची गोष्ट होती. १९०३ ची पॅरिस-माद्रिद घ्या. व्हर्सायहून पहाटे निघाले, धुळीचे लोट, समोरचं काही दिसत नव्हतं, प्रेक्षक रस्त्यात. लुईचा भाऊ मार्सेल रेनो गेला हे प्रत्येक पुस्तकात असतं. पण लोरेन बॅरोचा मेकॅनिक पिएर रोदेझ झाडावर आपटून जागीच गेला, लेस्ली पोर्टरच्या वुल्सलीतला मेकॅनिक निक्सन गाडी पेटून गेला, यांची नावं कुठे बारीक टायपात सापडतात. सरकारने बोर्दोमध्येच रेस थांबवली, गाड्या घोडे लावून स्टेशनवर ओढत नेल्या आणि रेल्वेने परत पाठवल्या, इंजिन चालू करू दिलं नाही. एवढा धसका घेतला होता. पण त्या मेकॅनिकांच्या घरी कोण गेलं असेल?

मीही आयुष्यभर वर्कशॉपमध्ये काम केलंय. साहेबाचं नाव बोर्डावर असतं, पाना ज्याच्या हातात असतो त्याचं नसतं. पूर्वीही नव्हतं.

शाहूपुरीकर

जोगीबुवा, तुमचं म्हणणं मनापासून पटतंय, म्हणून तर धागा काढला. एक मात्र जोडतो, त्या सीटवरून स्टिअरिंगवर जाण्याची वाट तेव्हा होती. सिस गेला. क्रिस्तियान लाउटेनश्लागर डायमलरच्या कारखान्यातला फोरमन, त्याने १९०८ आणि १९१४ च्या दोन फ्रेंच ग्रां प्री जिंकल्या. हेर्मान लांग मर्सिडीजचा मेकॅनिक, तो तर कंपनीचा पहिल्या फळीतला ड्रायव्हर झाला, पण त्याच्याबद्दल असं सांगतात की मर्सिडीजचेच दुसरे ड्रायव्हर काराचिओला आणि ब्राउखिच हॉटेलात शँपेन मागवायचे आणि वेटरला म्हणायचे, लांगसाठी एक बिअर. म्हणजे वाट होती पण वर पोचल्यावरही त्याला त्याची जागा दाखवली जायचीच. इथे तुमचा मुद्दा बरोबर.

आणि १९१४ वरून सांगायचं राहिलं. ४ जुलै १९१४, लिओंची ग्रां प्री. फ्रान्सचा लाडका जॉर्ज बोयो, आधीच्या दोन्ही वर्षांचा विजेता, प्यूजो गाडी. जर्मन मर्सिडीज पाच. बोयोने गाडी इतकी ताणली की शेवटच्या फेरीत ती बंदच पडली आणि तो तिथेच रडला असं सांगतात. पहिले तीनही नंबर मर्सिडीजचे. महिन्याभरात युद्ध सुरू. बोयो आधी जनरल जॉफ्रचा ड्रायव्हर होता, मग हट्टाने लढाऊ विमानात गेला आणि १९१६ मध्ये एकटा पाच जर्मन विमानांशी लढताना पडला.

माइनकाठ

मी फ्रँकफर्टला राहते, कामासाठी ए५ महामार्गावरून डार्मश्टाटला जाणं नेहमीचं. त्या रस्त्याकडेला एक पार्किंगची जागा आहे आणि आत झाडीत एक छोटं स्मारक. सहा वर्षं बाजूने जात होते, एकदा मुलाला गाडी लागली म्हणून थांबलो तेव्हा वाचलं. बेर्न्ड रोझमायर.

२८ जानेवारी १९३८. तेव्हा हा ऑटोबान नवा होता आणि विक्रमासाठी बंद ठेवला होता. सकाळी रुडोल्फ काराचिओलाने मर्सिडीजमधून ताशी ४३२ किमीच्या वर वेग गाठला. सार्वजनिक रस्त्यावर, १९३८ मध्ये! त्याच दिवशी ऑटो युनियनने रोझमायरला पाठवलं तो विक्रम परत घ्यायला. वारा वाढला होता. आडव्या वाऱ्याचा झोत आला, गाडी उडाली. तो अठ्ठावीस वर्षांचा होता. मुलगा अडीच महिन्यांचा.

बायको एली बाइनहॉर्न, ती त्याच्याइतकीच प्रसिद्ध होती, खरं तर आधीपासून. लग्नाच्या आधी तिने एकटीने छोट्या विमानातून जगप्रवास केला होता, त्या वाटेवर आपलं कलकत्ताही होतं. नवरा गेल्यानंतर एकोणसत्तर वर्षं जगली, २००७ मध्ये शंभर वर्षांची होऊन गेली. पाऊसवेडी, तुम्ही पासष्ट वर्षं म्हणालात ना, तेच मला त्या स्मारकापाशी वाटलं होतं. शेजारून ट्रक नव्वदने चालले होते आणि त्या छोट्या दगडाकडे कोणी बघत नव्हतं.

काराचिओलाचंही थोडं लिहिते कारण त्याला फक्त पावसातला राजा म्हणून ओळखतात. १९३३ मध्ये मोनाकोत सरावात भिंतीवर आदळला, मांडीचं आणि खुब्याचं हाड चुरा झालं, एक पाय कायमचा आखूड राहिला. बायको शार्लोट त्याची सेवा करत होती. पुढच्या फेब्रुवारीत ती स्वित्झर्लंडला स्कीइंगला गेली आणि हिमस्खलनात गेली. हा घरात एकटा, पाय प्लास्टरमधून नुकता सुटलेला. तिथून उठून तीन वेळा युरोपियन चॅम्पियन झाला, आयुष्यभर लंगडत आणि दुखत.

निळावंती

माइनकाठ, लिहिलंय छान आणि एलीबद्दल आदरच आहे, पण एक गोष्ट न बोलता पुढे जाववत नाही. त्या ४३२ किमीमागे कोणाचा पैसा आणि कोणाचा प्रचार होता? रोझमायर नाझींच्या एसएस संघटनेत होता. त्याच्या मरणाचाही नाझींनी हौतात्म्य म्हणून सोहळा केला. १९३८ ची जर्मन ग्रां प्री डिक सीमन नावाच्या इंग्लिश पोराने मर्सिडीजमधून जिंकली आणि व्यासपीठावर त्याने अर्धवट का होईना नाझी सलामीचा हात वर केला. पुढच्या वर्षी बेल्जियममधल्या स्पाच्या ट्रॅकवर पावसात आघाडीवर असताना गाडी झाडावर जाऊन पेटली, वय सव्वीस, आणि अंत्यविधीला हिटलरकडून पुष्पचक्र आलं. त्याच्या माणसांनी ते चक्र बघून काय केलं असेल.

दुसऱ्या बाजूला रने द्रेफ्यूस बघा. ज्यू आडनाव. १९३० ला मोनाकोची ग्रां प्री जिंकलेला. मोठ्या संघांची दारं आडनावापायी बंद होत गेली. ल्युसी ओ'रायली शेल या अमेरिकन बाईने आपल्या संघात त्याला देलाएची गाडी दिली आणि एप्रिल १९३८ मध्ये पो गावातल्या ग्रां प्रीत त्याने मर्सिडीजला हरवलं. गाडीची ताकद मर्सिडीजच्या निम्मी, पण तिला मध्ये पेट्रोल भरायला थांबावं लागलं नाही. १९४० मध्ये इंडियानापोलिसला रेससाठी अमेरिकेत गेला, तेवढ्यात फ्रान्स पडलं, परतायला देश राहिला नाही. अमेरिकन सैन्यात भरती झाला, नंतर न्यूयॉर्कमध्ये रेस्टॉरंट काढलं. मला या दोघांना एका रांगेत बसवता येत नाही.

माइनकाठ

निळावंती, बरोबर आहे तुमचं आणि मी ते लिहायला हवं होतं. मी इथे राहते, मुलं इथल्या शाळेत जातात, शाळेत हा इतिहास काही झाकून न ठेवता शिकवतात, त्यामुळे मला त्याची जाणीव आहे. मी फक्त एवढंच म्हणेन की अडीच महिन्यांच्या पोराची आई म्हणून एलीचं दुःख मला दिसतं आणि तिच्या नवऱ्याच्या अंगावरचा गणवेशही दिसतो, दोन्ही दिसतं. कुठलं एक झाकू असं होत नाही.

दख्खनचा_वारा

गणवेशाचा विषय निघालाच आहे तर बेन्वा आणि ग्रोव्हर-विल्यम्स. मला या धाग्यातलं हे सगळ्यात मोठं प्रकरण वाटतं त्यामुळे जरा नीट लिहितो.

१९२९ ला मोनाकोची पहिली ग्रां प्री झाली. जिंकला विल्यम्स, हिरव्या बुगाट्टीत. फ्रेंच आई, इंग्रज बाप, एकेकाळी विल्यम ऑर्पेन या चित्रकाराचा ड्रायव्हर. आणि रोबेर बेन्वा, पहिल्या महायुद्धातला वैमानिक, १९२७ मध्ये देलाज गाडीतून फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन आणि ब्रिटिश अशा चारही ग्रां प्री एका वर्षात जिंकलेला. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर विल्यम्स ब्रिटनच्या गुप्त संघटनेत शिकून १९४२ मध्ये पॅराशूटने फ्रान्समध्ये उतरला. त्याने कोणाला हाक मारली असेल? जुन्या रेसवाल्या मित्राला. बेन्वा आला. नंतर जाँ-पिएर विमिल हाही ड्रायव्हरच, तोही आला. विमानातून टाकलेली शस्त्रं गोळा करायची, लपवायची, पोचवायची. ज्यांना रस्ते पाठ आहेत, यंत्र कळतं, जोखीम घेताना हात थरथरत नाही अशी माणसं.

विल्यम्स ऑगस्ट १९४३ मध्ये पकडला गेला, १९४५ मध्ये साक्सेनहाउझेनच्या छावणीत त्याला मारलं. बेन्वाला पकडून नेत होते तेव्हा तो चालत्या गाडीतून उडी मारून पळाला, इंग्लंडला गेला, आणि परत आला! परत! जून १९४४ मध्ये मरणाला टेकलेल्या आईला भेटायला पॅरिसला गेला आणि तिथे सापडला. सप्टेंबरमध्ये बुखेनवाल्डच्या छावणीत फाशी.

आईला बघायला गेला म्हणून सापडला. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

९ सप्टेंबर १९४५ ला, युद्ध संपल्यावर महिन्याभरातच, पॅरिसच्या बुआ द बुलोन्यमध्ये पहिली रेस झाली. त्यातल्या एका शर्यतीला बेन्वाचं नाव दिलं होतं. आणि त्या दिवशीची मोठी शर्यत जिंकला विमिल, बुगाट्टीतून. तिघांतला तोच उरला होता. तोही जानेवारी १९४९ मध्ये ब्वेनोस आयरिसला सरावात गेला.

पाऊसवेडी

बेन्वाच्या आईचं वाचून पाच मिनिटं फोन बाजूला ठेवला.

मी आणखी एका बाईचं लिहिते आणि हे चांगलं संपत नाही. एले निस. खरं नाव मारिएत एलेन देलांगल, पॅरिसमध्ये नाचणारी, तेव्हाची मोठी स्टार. स्कीइंग करताना गुडघा गेला, नाच संपला, म्हणून गाडीकडे वळली. १९२९ ला पॅरिसजवळच्या मोंलेरीत बायकांची ग्रां प्री जिंकली, त्याच वर्षी बुगाट्टीतून ताशी दोनशेच्या जवळपास वेगाचा बायकांचा विक्रम. १९३६ मध्ये साओ पाउलोला शेवटच्या टप्प्यात गाडी प्रेक्षकांत गेली, माणसं मेली, ही उडून एका सैनिकावर पडली, तो गेला आणि ही वाचली. काही दिवस बेशुद्ध.

मग १९४९. मोंते कार्लो रॅलीच्या आधीची मेजवानी. लुई शिरों, मोनाकोचा हिरो, सगळ्यांसमोर तिच्यावर बोट दाखवून म्हणाला की ही गेस्टापोची, नाझींच्या गुप्त पोलिसांची, हेर होती. पुरावा काही नाही, तेव्हाही नाही आणि आजवरही सापडलेला नाही. पण प्रायोजक गेले, मित्र गेले, सोबतचा माणूस गेला. १९८४ मध्ये नीस शहरात भाड्याच्या पोटमाळ्यावर मेली, एका धर्मादाय संस्थेच्या मदतीवर जगत होती. घरच्यांनी थडग्यावर तिचं नावसुद्धा घातलं नव्हतं.

शाहूपुरीकर दादा, तुम्ही शेजारच्या सीटचं म्हणता. हिच्या शेजारी शेवटी कोणीच नव्हतं.

निळावंती

आणि शिरोंच्या नावाने आज मोनाकोत वळण आहे. त्या माणसाचं कौतुक वाचताना मला कायम हे आठवतं.

मलबार_हिल

थोडं अवांतर, पण मुंबईचा धागा सापडला म्हणून. १९२० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत बुगाट्टी चालवणारा एक तरुण होता, जेआरडी टाटा. जन्म पॅरिसचा, लहानपणीच्या सुट्ट्या फ्रान्सच्या किनाऱ्यावर, विमानवाला ब्लेरियो शेजारी. बुगाट्टी भरधाव चालवल्याची केस झाली, ती लढायला जॅक विकाजी हे वकील गाठले आणि त्यांच्याकडे त्यांची पुतणी थेल्मा भेटली, १९३० मध्ये लग्न. आमच्या आजोबांच्या पिढीला ती गाडी बघितल्याचं आठवायचं. बस एवढंच, चालू द्या.

घाटवळण

नुवोलारीचं लिहिलं आणि वार्झीचं नाही लिहिलं तर अन्याय होईल. अकिले वार्झी. कपड्याला इस्त्री, भांग जागच्या जागी, गाडी चालवणं तसंच, चुकायचंच नाही. नुवोलारी आणि तो म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही जोडीपेक्षा मोठं वैर, १९३३ ला मोनाकोत जवळजवळ सगळी रेस एकमेकांना मागे टाकत होते, शेवटी वार्झी.

१९३५ ला ऑटो युनियनमध्ये गेला आणि संघातल्याच पाउल पीचच्या बायकोच्या, इल्झेच्या प्रेमात पडला. तिच्यासोबत मॉर्फीन आलं. ज्याच्या हातून वर्षानुवर्षं चूक झाली नाही तो माणूस दोन-तीन वर्षांत कुठे नाहीसाच झाला. लोकांनी संपला म्हणून सोडून दिलं. पण युद्धाच्या काळात त्याने ते व्यसन सोडवलं, लग्न केलं, चाळिशी ओलांडून परत आला आणि परत जिंकायला लागला. मला यांच्यातल्या कुठल्याही विजयापेक्षा हे मोठं वाटतं. माझ्या घरात व्यसन बघितलंय, परत येणं काय असतं ते मला माहीत आहे.

१ जुलै १९४८, बर्नजवळचं ब्रेमगार्टन, सराव, पाऊस. गाडी घसरली, अगदी सावकाश उलटली असं बघणारे सांगायचे. डोक्यावर कापडी टोपी. त्यानंतर हेल्मेट सक्तीचं झालं.

शाहूपुरीकर

घाटवळण, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

मी एक राहिलेलं सांगतो. धाग्यात वर म्हणालो की १९२५ पासून शेजारची सीट रिकामी झाली. त्याच वर्षी २६ जुलैला मोंलेरीच्या फ्रेंच ग्रां प्रीत अंतोनिओ अस्कारी आघाडीवर होता, पाऊस सुरू झाला, रस्त्याकडेच्या कुंपणात चाक अडकलं आणि गाडी उलटली. वय छत्तीस. त्याच्या अल्फा रोमिओ संघाने बाकीच्या गाड्याही मागे घेतल्या. घरी मुलगा अल्बेर्तो, सात वर्षांचा. तोच पुढे १९५२ आणि ५३ चा जगज्जेता झाला आणि २६ मे १९५५ ला इटलीतल्या मोंझाच्या ट्रॅकवर गेला. छत्तीसाव्या वर्षीच. त्याची बायको, दोन मुलं, सगळं परत तसंच.

जोगीबुवांच्या सांगण्यावरून मूळ धाग्याच्या खाली मेकॅनिकांची नावं वाढवत जातोय. रोदेझ, निक्सन, मार्तो, पर्किन्स, बॅरेट, माम्बेल्ली, स्कापिनेल्ली. कोणाला अजून माहीत असतील तर टाका, आडनाव असलं तरी चालेल.

जुना_जोगी

बरं केलंत. माझ्याकडून एक घ्या, हॅलिवेल. व्हिक्टर हॅलिवेल.

तुम्ही सान सेबास्तियानच्या ज्या रेसपासून सुरुवात केलीत ना, बॅरेट गेला ती, ती जिंकला होता हेन्री सेग्रेव्ह, त्याच सनबीम संघातला. सेग्रेव्हने पुढे जमिनीवरचे विक्रम केले आणि मग पाण्याकडे वळला. १३ जून १९३०, इंग्लंडमधलं विंडरमिअर तळं, मिस इंग्लंड दोन नावाची बोट. बोटीत तिघं, सेग्रेव्ह, रोल्स-रॉइसचा इंजिनिअर हॅलिवेल, आणि विल्कॉक्स. विक्रम झाला आणि पुढच्याच फेरीत बोट उलटली. हॅलिवेल बुडाला. विल्कॉक्स वाचला. सेग्रेव्हला बाहेर काढून किनाऱ्यावरच्या घरात नेलं, थोडा वेळ शुद्धीवर आला.

त्याने आधी विचारलं, माझ्याबरोबरची माणसं कशी आहेत.